बिननांगराचं जहाज

रामहरी नौदलातून रिटायर होऊन शेवगावला आला, तेव्हा पंकजाला वाटलं होतं, हा माणूस आता पोटभर झोपेल. झालं उलटंच. अंथरुणावर पडला की छताकडं बघत राहायचा. कूस बदलायचा, उठून पाणी प्यायचा, पुन्हा पडायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आईनं, म्हणजे मुक्ताबाईनं, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टसुद्धा काढली.

"पलंग हलत न्हाई गं," एकदा तो सकाळी म्हणाला. डोळे तांबारलेले. "मेल्यावानी पडलाय. त्याच्यावर झोप कशी लागंल?"

पंकजा तेव्हा हसली होती.

घर गावाबाहेर, गेवराई रस्त्याच्या फाट्यापासून आत, स्वतःच्या रानात. तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढच्या खोलीत पंकजाचं शिलाई मशीन. आजूबाजूची वस्ती ऊसतोड करणाऱ्यांची. दसरा सरला की टेम्पो यायचे, भांडीकुंडी, शेरडं, लेकरं भरून माणसं कारखान्यांकडं निघून जायची आणि वसंत संपेपर्यंत दारांना कुलपं असायची. त्या वर्षीही तसंच झालं. कुत्रीसुद्धा गेली. वस्तीत या तिघांशिवाय कुणी उरलं नाही.

त्याच दिवसांत रामहरीनं जहाज करायला घेतलं.

तो 'दुर्धर्ष' नावाच्या युद्धनौकेवर शिपराईट होता, म्हणजे जहाजाचा सुतार, लोहार, डागडुजीवाला, सगळंच. आयुष्यातली सगळ्यात जास्त वर्षं त्यानं त्या एका जहाजावर काढली होती. त्याच्या आधी जहाज रिटायर झालं. झेंडा उतरवला, दारूगोळा काढला, आणि टगबोटींनी ओढत ते भंगारात तोडायला नेलं. रामहरी धक्क्यावर उभा राहून बघत होता. ही गोष्ट त्यानं पंकजाला एकदाच सांगितली होती, आणि सांगताना जेवणाचं ताट तसंच ठेवून उठला होता.

शंभराला एक या मापाचं जहाज. चार फुटांहून थोडं लांब. प्लायवूडच्या फासळ्या कापून त्यानं आधी सांगाडा उभा केला, त्यावर सागाच्या पातळ पट्ट्या वाकवून बसवल्या. सांधे एम-सीलनं भरले, पॉलिश पेपरनं घासून घासून अंग असं गुळगुळीत केलं की पंकजाला येता-जाता त्यावरून हात फिरवावासा वाटायचा. चहाच्या गाळणीची जाळी कापून रडार केलं. तोफेची नळी इंजेक्शनच्या सुईची. दोऱ्याएवढ्या तारेचे कठडे, मसुरीच्या डाळीएवढ्या झाकणांच्या गोल खिडक्या. तिनं कापड कापायचं टेबल त्याला देऊन टाकलं आणि स्वतः जमिनीवर बसून ब्लाऊज बेतू लागली.

"कुनाला दिसनार हाय ते आतलं?" ती विचारायची, कारण तो डेकच्या खालच्या खोल्याही करत होता. शिड्या, झोपायचे बंक, स्वयंपाकाची भट्टी, इंजिन.

"मला दिसतंय की," तो म्हणायचा.

मग एका दुपारी त्यानं डेक बसवून जहाज वरून बंद केलं, आणि त्याच दुपारी पंकजाच्या मशीनवरची रिळं घरंगळली.

तिनं उचलून ठेवली. पुन्हा घरंगळली, त्याच बाजूला, मावळतीकडं. तिनं मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. थोड्या वेळानं रिळं उलट, उगवतीकडं गेली. तिनं मान वर केली. खिळ्याला टांगलेली मोठी कात्री भिंतीला चिकटून नव्हती. भिंतीपासून बोटभर सुटून हवेत लोंबत होती आणि सावकाश, अगदी सावकाश, परत भिंतीकडं येत होती.

पंखा बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पातेल्यात साय एकाच बाजूला जाड आलेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पण मुक्ताबाईला सांगायची गरजच पडली नाही. म्हातारी आंघोळ करून येताना दाराची चौकट धरून उभी राहिली ती राहिलीच.

"पंकजा, घर डुलतंय गं."

"चक्कर आली असंल आत्या. बसा जरा."

"मला कशाची चक्कर? लुगडं बघ की."

दांडीवर वाळत घातलेलं लुगडं आतल्या बाजूला तिरकं झालं होतं, वाऱ्यावर हलावं तसं नाही, नुसतं कललेलं. बघता बघता ते सरळ झालं आणि दुसरीकडं कललं. मुक्ताबाईनं त्याच दिवशी आपलं बोचकं बांधलं आणि गावातल्या धाकट्या मुलाकडं, श्रीमंतकडं, राहायला निघून गेली. कारण काय सांगितलं, तर म्हणे देवळात काकड्याला जायला गावातून बरं पडतं.

पंकजानं तेव्हाच नवऱ्याला सांगायला हवं होतं. पण झालं असं होतं की रामहरी झोपू लागला होता. डेक बसवला त्या दिवसापासून. जेवून आडवा झाला की लहान लेकरासारखा झोपायचा, तोंड थोडं उघडं, एक हात पलंगाबाहेर. कित्येक वर्षांत तिनं त्याचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता. ती त्याच्या शेजारी पलंगाची कड घट्ट धरून पडायची. पोटात ढवळायचं. सकाळी उठून आधी उंबऱ्याबाहेर जायची, मातीत पाय टेकवून उभी राहायची, आणि मग जीव ठिकाणावर यायचा.

पौष लागला आणि पाईप तुटला.

बोअरवरून घरात येणारा पाण्याचा पाईप भिंतीजवळच्या सांध्यात निखळला. छगन प्लंबर आला, सोल्युशन लावून जोडून गेला. चार-सहा दिवसांत पुन्हा तेच. यावेळी छगन खड्ड्यात उतरला आणि पाईपचं टोक चाचपून बघू लागला.

"वहिनी, सांधा तुटला न्हाई. पाईप वढलाय कुनीतरी."

"कोन वढनार? हितं हाय कोन?"

"ते मला काय म्हाईत. पन पाईप आखूड पडतोय. मी मापानं टाकल्याला हुता, घरबांधनीच्या टायमाला मीच टाकला." त्यानं आपली वीत पाईपच्या टोकाला आणि भिंतीला लावून दाखवली. मधे सगळी वीत मावली. "पाईप तर हाय तिथंच हाय." त्यानं घराकडं एकदा नजर टाकली, एक जादा तुकडा जोडून दिला आणि चहा न घेताच मोटारसायकलला किक मारली.

पंकजाच्या खिडकीतून गावाची पाण्याची टाकी दिसायची. शिवताना मान वर केली की समोर टाकी, इतकी वर्षं. तिनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि जिथं टाकी दिसत होती तिथं खिडकीच्या काचेवर उभी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच पाटावर बसली. टाकी रेघेच्या डावीकडं होती. त्यानंतरच्या दिवशी आणखी डावीकडं. आठवडा संपायच्या आत टाकी चौकटीच्या आड गेली आणि खिडकीत नुसतं रान उरलं, तुरीचं, मोकळं, क्षितिजापर्यंत.

तेव्हा मात्र ती उठली. रामहरी टेबलावर वाकून शेवटचा कठडा चिकटवत होता.

"अहो. ह्ये घर चाललंय."

त्यानं चिमटा खाली ठेवला. दचकला नाही, हसलाही नाही. उलट, बऱ्याच दिवसांचं ओझं कुणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावं तसा त्याचा श्वास सुटला.

"तुला बी कळतंय?"

"म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"मला वाटलं, माझ्याच अंगातलं हाय ते. जहाज सोडल्यावर बऱ्याच जनांना वाटतं तसं, जमीन हलती म्हनून. म्हटलं, तुला कशाला घाबरवायचं."

"मी दीड महिना वकारी गिळतीय!"

तिनं बाक ओढला आणि त्याच्या समोर बसली. जहाज दोघांच्या मधे होतं, करडं, नीटनेटकं, पाण्याची वाट बघत असल्यासारखं. ती पहिल्यांदाच जहाजाकडं टक लावून बघत होती. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना दोन भोकं होती. रिकामी.

"ह्यात काय असतं?"

"नांगर. साखळी तिथनं खाली सुटती."

"मग बसवला का न्हाई?"

"नव्हता," रामहरी म्हणाला. "शेवटी नव्हता. न्यायच्या आधी दोन्ही काढून घेतले. कुठल्यातरी गेटासमोर शोभेला मांडले असतील. मी जहाज शेवटचं बघितलं तसं केलंय, बिननांगराचं."

पंकजानं त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग ते थांबंल कशानं?"

हा प्रश्न रामहरीला पडलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

नांगर त्यानं पितळेच्या पट्टीतून कापला, सुपारीपेक्षा लहान. साखळी पंकजानं केली. तांब्याची तार गोधडीच्या सुईवर गुंडाळायची, एकेक वेढा कापायचा, चिमट्यानं एकात एक अडकवायचा. त्याच्या बोटांना ते जमेना. तिला हूक-आय लावायची सवय. दोघं शेजारी बसून काम करत होते आणि समोरच्या भिंतीवर कात्री झुलत होती. आता ती बोटभर नाही, चांगली वीतभर सुटत होती. ओट्यावरची भांडी सरकून एकमेकांवर आपटत होती. कामाची घाई दोघांनाही कळत होती.

साखळी झाली. रामहरीनं ती नाळेच्या भोकातून ओवली, साखळी गुंडाळायच्या डेकवरच्या चिमुकल्या रहाटाला अडकवली आणि नांगर टेबलावरून खाली सोडला. तो फरशीला टेकला. क्षणभर काही नाही. मग नांगर फरशीवरून सरकू लागला. बारीक, दात आंबवणारा आवाज करत, पांढरा ओरखडा मागं ठेवत, तो भिंतीकडं ओढला गेला.

"धरत न्हाई," रामहरी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. हा आवाज पंकजानं कधी ऐकला नव्हता. "फरशीला काय धरनार! त्याला जमीन पायजे."

तिनं घमेलं घेतलं, रानातली काळी माती आणली, नांगर त्यात पुरला. घमेलंच सरकू लागलं.

मग रामहरीनं पहार आणली. टेबलाखालची फरशी फोडली, खालचा मुरूम उकरला, हाताला ओलसर माती लागेपर्यंत खणलं. पंकजानं साखळीला आणखी कड्या जोडल्या. एकही कडी वाया गेली नाही. रामहरीनं पालथं पडून खड्ड्यात हात घातला आणि नांगर मातीत रोवला.

"शेतातला नांगर जमीन उकरतो," तो पडल्या पडल्याच म्हणाला, "ह्यो धरतो. नाव येकच."

साखळी ताठ झाली. इतकी ताठ, की तार तुटणार असं वाटलं. घराला एक हिसका बसला. दोघंही भिंतीवर आदळले, ओट्यावरचा हंडा खाली आला. सगळीकडं पाणी. आणि मग पाणी फरशीवर पसरलं, चारी बाजूंना सारखं पसरलं, आणि थांबलं.

कात्री भिंतीला टेकली होती.

त्यानंतर घर डुलायचं, पण जागच्या जागी, पाळण्याला कुणी झोपेत झोका द्यावा तसं. रामहरीची झोप तशीच राहिली. पाईप पुन्हा निखळला नाही. टाकी मात्र खिडकीत परत आली नाही. पंकजानं मशीनच दुसऱ्या खिडकीशी नेलं. पोटातलं ढवळणंही हळूहळू गेलं. एकदा ती माहेरी, देवळाली प्रवऱ्याला, मुक्कामाला गेली तर भावाच्या घरात तिला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. का, ते तिनं भावजयीला सांगितलं नाही.

चैत्र उजाडला. वस्तीवरची माणसं अजून परतायची होती. रामहरी आईचे डोळे दाखवायला तिला घेऊन नगरला गेला. पंकजानं दोन ब्लाऊज पुरे केले, भाकरी खाल्ली, भांडी घासली. बाहेर ऊन असं की रान पांढरं दिसत होतं आणि त्यावर हवा लाटांसारखी हलत होती. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. नेईन, नेईन म्हणत नवऱ्याची नोकरी संपली होती.

ती टेबलाजवळ गेली. रहाटाची मूठ ज्वारीच्या दाण्याएवढी. तिनं ती दोन बोटांत धरली. कुणी बघतंय का म्हणून मागं वळून पाहिलं आणि स्वतःशीच लाजली. मग फिरवली.

कड्या एकेक करून वर आल्या. शेवटी नांगर आला, मातीनं माखलेला, आणि नाळेला टेकला.

आधी कात्री सुटली. मग दुपारचं ऊन फरशीवरून सरकलं, सूर्य न हलता. खिडकीतलं बाभळीचं झाड आलं, गेलं, त्याच्यामागं बांध आला. दारातून वारा आत शिरला. तो कोरडा नव्हता. पंकजाच्या ओठांवर खारट चव आली. घाम असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण कपाळ कोरडं होतं. ती उंबऱ्यात बसली, चौकट धरून, पाय बाहेर सोडून, आणि रान दोन्ही अंगांनी मागं जाताना बघत राहिली. भीती वाटत होती. उठावंसं मात्र वाटत नव्हतं.

पुष्कळ वेळानं तिनं आत जाऊन नांगर सोडला. खाली फरशी होती तशीच फोडलेली, खड्डा होता तसाच. पण त्यातली माती आता काळी नव्हती, तांबूस होती.

दिवस मावळायला रामहरी फाट्यावर एसटीतून उतरला. मुक्ताबाईला त्यानं वाटेतच श्रीमंतकडं सोडलं होतं. पंकजा दारात उभी राहून त्याला येताना बघत होती. पायवाटेनं तो नेहमीच्या चालीनं आला, आणि जिथं रोज घराची पायरी लागायची तिथं थांबला. खाली बघितलं. तिथं मोकळी जमीन होती, कधी ऊन न लागलेली, ओलसर, चौकोनी. तो बराच वेळ तिथं उभा होता. मग त्यानं चपला काढून हातात घेतल्या, त्या चौकोनाला वळसा घातला आणि पुढं चालत आला.

दारात आला, पण उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. ताठ उभा राहिला.

"आत येऊ का?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. जहाजावर चढणाऱ्यानं आधी परवानगी मागायची असते, हे त्यानं तिला नंतर सांगितलं.

"या," पंकजा म्हणाली.

तो आत आला. टेबलाखाली वाकून त्यानं तांबूस मातीत बोट फिरवलं. पंकजानं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी किंचित कललं, सरळ झालं.

"लांब गेल्तीस?" त्यानं विचारलं.

"लई न्हाई. वळवायचं कसं ते ठावं नव्हतं, म्हनून थांबले." ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. "तेवढं शिकवा."