ऑर्विलकाकांची घंटा

माझा भाऊ ड्वाइट आमच्या ब्रॅकन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा बचावाचा कोच. समोरच्यांना चेंडू घेऊन आपल्या रेषेपलीकडे जाऊ द्यायचं नाही, ही जबाबदारी त्याची. आणि संघ हरला की गावात प्रत्येकाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. यंदा चार सामने हातातोंडाशी येऊन गेले. आज शेवटचाही गेला, तर पुढच्या वर्षी नवा माणूस आणू, असं कॉलेजकडून त्याला तोंडावर सांगून झालं होतं.

त्यामुळे शनिवारी सकाळी मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये सामन्याआधीच्या रिवाजाप्रमाणे मी सॉसेज भाजत होते, तेव्हा माझं डोकं शेगडीच्या आधी तापलेलं होतं. त्यात शेजारच्या पिकअपमधून ऑर्विल स्टट्झमन उतरले. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. आम्हा भावंडांना शाळेत त्यांनीच नेलं-आणलं. हातात नेहमीप्रमाणे गायीच्या गळ्यातली पितळी घंटा होती. चेंडू पाहुण्यांकडे गेला की ही घंटा वाजते आणि तिच्यामागे प्रेक्षकांतला आमचा अख्खा कोपरा बोंबलतो, पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून.

आल्याआल्या त्यांनी माझ्या ताटातली भरली अंडी टेबलावर मांडली. अंडी म्हणजे आपली पोरं, मोहरीच्या सॉसची बाटली म्हणजे पाहुण्यांचा चेंडू फेकणारा.

"बघ, नेडीन. तुझा भाऊ ही चार अंडी इथं लांब मागे ठेवतो. कशाला, हवा खायला? सगळी पुढे घाल, बाटलीवर तुटून पड, विषय संपला."

"आणि त्याने डोक्यावरून फेकला तर?"

"फेकायला वेळ मिळाला तर ना."

माझ्या नवऱ्याने, लॉयलने, मागचं एक अंडं उचलून तोंडात टाकलं.

"हा असा आहे आपला बचाव," काका म्हणाले. "मागच्या मागे गायब. ड्वाइट बसमध्येसुद्धा शेवटच्या बाकावर बसायचा. भित्रं पोरगं."

प्रेमानेच म्हणाले, मला माहीत आहे. पण माझा तोल गेला.

"काका, ती पोरं मागे असतात ती ऐनवेळी पुढे घुसायला. कधी घुसायचं ते मधला पोरगा ओरडून सांगतो. गेल्या सामन्यात आपल्याच कोपऱ्यासमोर त्याचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. तुमच्या घंटेपुढे."

"ड्वाइट म्हणाला असं?"

"मला म्हणाला. तुम्हाला सांगू नको, अशी शपथ घालून. काकांची घंटा बंद करण्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली, म्हणाला."

काकांनी उरलेली अंडी एकेक करून परत ताटात ठेवली आणि ते मैदानात निघून गेले. मला स्वतःचा फार राग आला. सॉसेज करपली.

खेळ पलीकडच्या टोकाला होता तोवर घंटा वाजली. पण शेवटी नेमकं व्हायचं तेच झालं. आम्ही तीन गुणांनी पुढे, पाहुणे आमच्या रेषेला भिडलेले, तेही आमच्याच कोपऱ्यासमोर, आणि एकच डाव शिल्लक. सगळे उठले आणि घंटेकडे बघायला लागले.

घंटा वाजली नाही.

"ऑर्विल, झोपलास काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

काकांनी मागे न बघता एक हात वर केला. कोपरा गोंधळला, मग हळूहळू गप्प झाला. त्या शांततेत मधल्या पोराचा घोगरा आवाज स्वच्छ ऐकू आला. मागच्या चौघांतले दोघे सुसाट पुढे घुसले, फेकणाऱ्याचा हात उठायच्या आत तो आडवा झाला आणि चेंडू गवतात पडला. आम्ही जिंकलो.

गर्दीतून वाट काढत ड्वाइट थेट आमच्या कोपऱ्यात आला. आधी माझ्याकडे बघून त्याने डोळे वटारले. मग काकांना म्हणाला, "घंटा बिघडली का हो?"

"थंडी वाजत होती तिला," काका म्हणाले. त्यांनी घंटा उलटी करून दाखवली. आत त्यांचा लोकरी हातमोजा कोंबलेला होता आणि उघडा हात गारठून लाल झाला होता.

ड्वाइटने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत राहिला.

"पण ती चार पोरं फारच मागे ठेवतोस," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी जरा पुढे घे."