चरकात सापडलेली बदाम नव्वी

पोत्याच्या तोंडावरची मिरची खरी मानाल, की तळातून काढलेली मूठ? मी बदाम नव्वी बोलतेय. आयुष्य नंदुरबारच्या मिरचीवाल्यांत गेलं, म्हणून आधी हे विचारलं.

मोतीलालशेठनी आमचा बावन्न जणांचा कॅट विकत आणला. त्यांच्या पथारीवर मिरची वाळते आणि शेजारच्या खोलीत दर रविवारी दुपारी ब्रिज रंगतो. एकदा मिरची चाचपलेल्या हातानेच त्यांनी मला उचललं. पाठीवर लाल बोट उमटलं. तेव्हापासून मी पालथी असले तरी सगळे ओळखतात. कॅट नवा घेऊ, असं चौघेही दर आठवड्याला म्हणत. माणसं म्हणण्यात फार उदार असतात.

मग चौथा गडी मुलाकडे सुरतेला गेला. त्याच्या जागी शेठनी बायकोला बसवलं. सरलाबाई पाच वर्षं चहा देता देता उभ्या उभ्या खेळ शिकल्या होत्या. विरुद्ध जोडीतले हिंमतराव, केळीचे बागायतदार, म्हणाले, "वहिनी, हाई भाजी निवडानं काम नही शे. आज डाव जमना तर खुर्ची तुमनी. नही तर रविवारे चहाच धाडा."

त्यांचे भिडू हेमराज नुसते हसले.

शेवटच्या डावात पहिली बोली हिंमतरावांची, तिच्यावर सरलाबाईंनी इस्पिक हुकूम करून दहा हातांची बोली केली. सात आले, तीन गेले. उरलेले तिन्ही हवे होते. मी हिंमतरावांच्या हातात. सोबत बदामाचा राजा आणि किलवरचा राजा. शेठ सरलाबाईंचे भिडू, म्हणून त्यांची पानं टेबलावर उघडी होती: बदामाचा एक्का, तिरी आणि किलवरची राणी. किलवरचा एक्का केव्हाच पडला होता, हेमराजांचे बदामही संपले होते. सरलाबाईंनी शेवटचा हुकूम टाकला.

याला इथे चरक म्हणतात, ऊस पिळायचा असतो तसा. एकाच माणसाने दोन घरं राखायची, आणि हुकूम म्हणतो, एक सोड. किलवरचा राजा टाकला तर राणी मोठी होते. मला टाकलं तर बदामाचा राजा एकटा पडतो. हिंमतराव बराच वेळ कपाळ खाजवत बसले. शेवटी मी पडले.

सरलाबाईंनी शेठना किलवरची राणी टाकायला सांगितली आणि बदामाच्या एक्क्याने हात घेतला. राजा त्याखाली आला. शेवटचा हात नेला तिरीने. तिरीने!

"वहिनी, नव्वीनी पाठ दखी लिन्ही तुम्ही!" हिंमतराव ओरडले.

खोलीत कुणी खोकलंही नाही. मिरचीच्या घरात ही मोठी गोष्ट.

"भाऊ, मोजी ल्या," सरलाबाई म्हणाल्या. "तुमनाकडे इस्पिक दोन, चौकट पाच, किलवर तीन. मंग बदाम तीनच ऱ्हायनात. आनि पहिली बोली तुमनी. दोन्ही राजा नसतात तर तुम्ही तोंड उघाडतात का?"

हेमराज पुन्हा हसले, या वेळी मोठ्याने. हिंमतरावांनी सगळे हात उलटून एकेक पान मोजलं. जुळलं. त्यांनी स्वतःची उशी काढून सरलाबाईंच्या खुर्चीवर ठेवली.

"बठा. पन कॅट नवा आना."

आणला. मी आता त्याच टेबलाच्या आखूड पायाखाली घडी होऊन आहे. डाव दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

खरं सांगू? सरलाबाईंची नजर माझ्या लाल बोटावर एकदा गेली होती. त्यांनी ती खाली घेतली आणि पहिल्या पानापासून पुन्हा मोजायला लागल्या. तुम्हालाही कधी कुणाची पाठ दिसेल. दिसू द्या. पडलेल्या पानांचा हिशेब मात्र इमानदारीने ठेवा.