पुणं, जाऊन-येऊन

“एका दिवसात पुणं जाऊन येते म्हने! रस्ता का हिच्या बापानं बांधला हाये?”

हे मला उद्देशून नव्हतं. सासूबाई कणकेशी बोलत होत्या. मनातलं सगळं त्या कणकेलाच सांगतात. आता परात माझ्या गुडघ्याला लागून असली आणि मला ऐकू आलं, तर त्यात माझा काय दोष? दुधात मळलेल्या दशम्या चालल्या होत्या, चार दिवस टिकणाऱ्या. एका दिवसाच्या जाण्यायेण्याला चार दिवस टिकणारं खाणं कशाला, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात विचारण्यासारखं कुणी कुणाला विचारतच नव्हतं.

“अन मुतायले कुठी थांबशीन?” हे मात्र मला होतं.

“पंपावर असते सोय, आत्याबाई.”

“असते म्हने. मानसायची असते. तू आपलं पानी कमी पेजो.”

पुण्याला मी निघाले होते हरीओमला, माझ्या मुलाला, आणायला. आमच्या भाजीच्या पिकअपमधून, एकटीच. पहाटे निघायचं, दुपारी पोचायचं, त्याला आणि त्याच्या सामानाला गाडीत घालायचं आणि मध्यरात्रीच्या आत वाशिमजवळच्या आमच्या मालेगावला परत. जाऊन-येऊन हजाराला थोडे कमी किलोमीटर. शहाण्या माणसानं आखावा असा हा बेत नाही, हे मलाही कळत होतं.

पण दोन दिवसांपूर्वी सार्थकचा फोन आला होता. सार्थक म्हणजे पुण्यात हरीओमच्या खोलीत राहणारा मुलगा, त्याच्यासारखाच स्पर्धा परीक्षेवाला. मी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होते.

“काकू, तुम्ही येऊन घेऊन जा त्याला.”

“काय झालं रे?”

“अजून काही नाही झालं,” तो म्हणाला, “म्हणूनच या.” मग त्याचा आवाज खाली गेला. “जेवत नाही, बोलत नाही. मी खोलीची आतली कडी काढून टाकलीय काकू. रात्री दाराला पाठ लावून झोपतो.”

“एसटीत बसवून देशील का त्याला?”

“म्हटलं मी. तो म्हणतो, मालेगावच्या स्टँडवर मी उतरणार नाही.”

कडीचं मी घरात येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई देवघराकडे बघत राहिल्या. ह्यांनी, म्हणजे मारोतरावांनी, टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, “स्टेपनीत हवा हाय का?”

तिथून आमचं प्रवासाचं नियोजन सुरू झालं.

हरीओम स्टँडवर का उतरणार नाही, ते सांगायला पाहिजे. तीन वर्षांपूर्वी तो पूर्व परीक्षा पास झाला. त्यानं फोनवर बापाला सांगितलं की बाबा, ही फक्त पहिली पायरी आहे, पुढं मुख्य परीक्षा, मग मुलाखत, कुणाला सांगू नका. ह्यांनी ऐकलं ते एवढंच, पास. “पास म्हंजे पास. पायऱ्या मोजाले आपुन का मंदिरात चाललो?” मग काय, गुलाल, डीजे, उघडी जीप. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पोराचा कॉलेजातला फोटो कोट चिकटवून, आणि खाली ‘भावी उपजिल्हाधिकारी’. पोरगं जीपमध्ये उभं होतं, गळ्यात हार, आणि चेहरा असा की जणू दुसऱ्याच कुणाचा हार चुकून आपल्या गळ्यात पडलाय आणि तो परत कसा करायचा ते त्याला सुचत नाही.

मुख्य परीक्षेत तो अडकला. पुढच्या वर्षीही तेच. त्या दिवाळीला घरी आला तेव्हा स्टँडपासून घरापर्यंत जो भेटेल तो “या साहेब, कुठी भेटली पोस्टिंग?” लोक वाईट नव्हते. प्रेमानंच विचारत होते. दिवाळीचे सगळे दिवस त्यानं शेतातल्या मोटरीच्या खोलीत काढले, वांग्यांना पाणी देतो म्हणून. त्यानंतर तो आलाच नाही. ह्यांना कुणी विचारलं की हे म्हणत, “निकाल लागाचा हाये.” दोन वर्षं तो निकाल लागायचाच होता. यंदाचाही लागून गेला, ते आम्ही आपापल्या तोंडात ठेवलं.

म्हणून अंधारात निघणं आणि अंधारात परतणं. आमची पिकअप रोज पहाटे वाशिमच्या बाजारात भाजी घेऊन जाते आणि ती मीच नेते. ह्यांचा मणका सरकला तेव्हा मी गाडी शिकले, आमच्याच शेताकडच्या पांदणीत, शिकवायला कुणी नसताना. पहिल्या आठवड्यात शेताच्या धुऱ्यावर चढवली, दुसऱ्या आठवड्यात बाभळीला भेटवली. आता माझी गाडी अंधारात निघाली तर गल्लीतलं कुत्रंही मान वर करत नाही. पण हे सोबत निघाले असते तर सकाळी चहाच्या टपरीवर त्यांची रिकामी जागा साऱ्या गावाला दिसली असती. आणि गाडी रात्रभर दारात नसती, तरी दिसली असती. एकटीनं, एका दिवसात. बेताचा प्रत्येक सांधा असा लोकांच्या डोळ्यांकडे बघून बसवलेला होता. रस्ता किती लांब आहे हा विचार सगळ्यात शेवटी आला.

“मीच येतो सोबत, जे होईन ते होईन,” हे एकदा म्हणाले होते.

“तुमी त्याले पाहून काय बोलसान?”

ह्यांनी बराच विचार केला. “म्हनीन, पुढच्या वर्षी पाहू.”

“म्हूनच मी एकटी जातो.”

दुपारभर ह्यांनी मला समृद्धी महामार्ग शिकवला. त्यावर हे स्वतः एकदाच गेले होते, कुणाच्या तरी लग्नाच्या गाडीत, मागच्या सीटवर, आणि त्यातही झोपून. पण नवऱ्याला रस्ता माहीत नाही असं कधी होत नाही.

“ऐंशीच्या वर न्यायची नाही. रिकामी पिकअप मांगून उडते.”

“माहीत हाय.”

“सरळ रस्ता हाये, वळन नाई, गाव नाई, कुत्रं आडवं येत नाई. मानसाले उघड्या डोयानं झोप लागते. मिरची ठेव जवळ. डोया जड झाला का चावजो.”

“मिरची चावून डोयाले पानी आलं तं रस्ता कसा दिसन?”

“मंग गाने म्हन.”

“माह्ये गाने आयकून गाडीच बंद पडन.”

एरवी हे हसले असते. त्या दिवशी उठून जॅक बघायला गेले. आधी पाना सापडेना, मग सापडला, मग चारही चाकांचे नट आवळले, परत सैल करून परत आवळले. संभाजीनगरला कुठं उतरायचं, अहिल्यानगरकडे कुठं वळायचं, पुण्याच्या तोंडाशी वाघोलीत गर्दी लागते तर कोणत्या वेळी जायचं, हे त्यांनी टपरीवरच्या एका ट्रकवाल्याला विचारून आणलं होतं. कुणासाठी विचारता, असं त्यानं विचारलं तर ह्यांनी सांगितलं होतं, मेहुण्यासाठी. मला भाऊ नाही.

संध्याकाळी ह्यांनी पिकअपमध्ये कांद्याची पोती चढवली, मागून उडू नये म्हणून. मणक्याच्या माणसानं पोती उचलू नयेत, पण मी आडवी गेले नाही. त्यांना काहीतरी जड उचलायचं होतं. पोती मागच्या चाकांवर नीट बसवून झाली तरी हे हौद्यातच उभे होते.

“परततानी कांदे काढून टाकजो,” ते म्हणाले. “त्याची खाट येईन. पुस्तकं येतीन. पुस्तकायचं वजन लय असते.”

“आनू सारं.”

“तो... कुठी बसन? मांगं नको बसू देऊ.”

“माह्याजवळ बसवीन.”

“हां. अन त्याच्या बाजूच्या दाराचं... त्या दाराचं हँडल ढिलं हाये. चालत्या गाडीत...”  खाली उतरून त्यांनी स्क्रूड्रायव्हर शोधला आणि अंधार पडेपर्यंत त्या दाराशी बसून राहिले. हँडल चांगलं घट्ट होतं. भाजीची गाडी आहे, ते दार मीच रोज उघडते.

आत सासूबाई दशम्या फडक्यात बांधत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्याच्यासंग जास्त बोलत नोको बसू. डोक्यावरून हात फिरव. लहानपनी तापात कसं, तसं.”

“हो.”

“ताप नाई म्हना त्याले.”

“नाही, आत्याबाई.”

“मंग काय हाये?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी लोणचं काढलं आणि बरणीचं झाकण लागत नाही म्हणून झाकण बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या.

पहाटे पूर्व थोडी उजळली होती, ठरल्यापेक्षा जराशी जास्तच. ह्यांनी काच पुसून दिली. मी पदर खोचून स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवली, आणि आरशात बघते तर फाटकातून नथ्थूभाऊ आत येतात, दोन्ही काखोट्यांत कोथिंबिरीचे भारे.

नथ्थूभाऊ आमच्या शेजारच्या वाडीचे. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांचा माल आमच्याच गाडीतून वाशिमला जातो, आज किती वर्षं झाली. एवढं नियोजन केलं, हवा पाहिली, नट पाहिले, टोल पाहिला, आणि हा माणूस आम्ही तिघंही विसरलो होतो.

“थांबा वयनी, थांबा! मले सोडून चालल्या का?” त्यांनी भारे हौद्यात ठेवायला उचलले आणि थबकले. कांद्याची पोती. दोरखंड. पाण्याची कॅन. माझ्या बाजूच्या सीटवर उशी आणि दशम्यांचं गाठोडं. “बापा! वाशिमले चालल्या का दिल्लीले?”

“संभाजीनगरच्या मार्केटले चालली,” हे पटकन म्हणाले. “कांद्याले भाव हाये तिथं.”

“एवढ्याशा कांद्यासाठी संभाजीनगर? डिझल तरी निघन का, मारोतराव?” नथ्थूभाऊंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अन एकट्या वयनीले धाडता? हे काई बराबर नाई. थांबा, मी येतो सोबत. कोथमीर जाऊ द्या, ढोराले टाकीन.”

“नाही भाऊजी, कशाला...” मी म्हणाले.

“कशाला म्हंजे? वयनी एकटी समृद्धीवर, अन मी घरी वाकळीत? लोक काय म्हनतीन मले?” ते खरोखरच दुसऱ्या दाराकडे निघाले. भला माणूस. भल्या माणसाला टाळणं फार कठीण. “अन मी म्हनतो, तिथपर्यंत जातोच तं पुढं पुन्यालेच जाऊ ना! साहेबाले भेटून येऊ. लय दिवस झाले साहेब दिसले नाई. निकाल कधी लागून राह्यला त्याह्यचा?”

इंजिन चालू होतं. सासूबाई दारात आल्या होत्या, हात पदरात गुंडाळून. ह्यांचा हात बॉनेटवर होता.  आता हे म्हणतील, लागाचा हाये. मी गिअर टाकून ठेवला, म्हणजे ते म्हणाले की निघता येईल.

हे माझ्या खिडकीशी आले.

“गाडी बंद कर.”

मी बंद केली.

“आज वापस येऊ नोको,” ते म्हणाले. “तिथंच मुक्काम कर त्याच्यापाशी. एक रात, दोन राती, तो म्हनन तितक्या. झोप घे. मंग दिवसाउजेडी आन त्याले.”

“दिवसाउजेडी? अन लोक...”

त्यांनी माझ्याकडून तोंड वळवलं. नथ्थूभाऊ दाराच्या हँडलवर हात ठेवून उभे होते. मग हे गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“निकाल कधीचाच लागला, नथ्थू. हरीओम नापास झाला. तिन्ही खेपा नापास झाला. तो साहेब नाई, अन होनार नाई. त्यानं जिवाचं काही करून घेतलं नाई पाह्यजे म्हून त्याची माय त्याले घरी आनाले चालली.”