दार्छुंगी आजीची मूठ

माझे बाबा चर्चचे पाळक आहेत. त्यांच्याकडे डोंगरातली सहा गावं आहेत, त्यामुळे आमच्या गावाच्या वाट्याला ते कसेबसे येतात. आले की रविवारचा उपदेश आधी आम्हाला ऐकावा लागतो, तोही जेवताना. पूर्वी मी गप्प बसून खायचे. यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी मत देते.

"तिसरा मुद्दा लांबलाय," मी सांगते.

"तिसऱ्या मुद्द्यातच सगळं आहे, मुआनी," बाबा म्हणतात.

"मग पहिले दोन काढा."

"जेव," आई म्हणते.

आमच्या मिझो गावांत भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ चर्चच्या डब्यात पडते. प्रत्येक घरी, प्रत्येक वेळी. शनिवारी बायका घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, सगळे एका पोत्यात ओततात आणि मग मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामासाठी विकतात. विकत घेणारं गिऱ्हाईक बहुधा पाळकाचं घर असतं, कारण बाकी कुणाला तो भात नको असतो. प्रत्येक घरचा तांदूळ वेगळा. एक शिजतो तेव्हा दुसरा कच्चा असतो आणि तिसऱ्याची पेज झालेली असते. बाबांनी या भातावर बरेच उपदेश केलेत. मंडळी अशीच असते, म्हणतात. आई म्हणते, मंडळी निदान चावावी लागत नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आईचा पाय मुरगळला म्हणून तांदूळ गोळा करायला मी गेले. आईने नियम सांगितले. टोपली जमिनीवर टेकवायची नाही. कुणाचा डबा अर्धाच भरलेला दिसला तर दुसरीकडे बघायचं. दार्छुंगी आजीच्या घरी थांबायचं नाही, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

आजी दारातच उभी होती. हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा.

"पाळकाची थोरली ना तू? आई कुठाय?"

"पाय मुरगळलाय."

"बरं झालं," आजी म्हणाली, आणि डबा माझ्या टोपलीत ओतायला लागली. ओतता ओतता पाठीवरच्या टोपलीचा, डोक्यावरून घेतलेला पट्टा माझ्या कपाळात रुतला.

"आजी, एवढे सगळे या आठवड्याचे?"

"दोन वर्षांचे. इथे थांबतंय कोण?"

"किडे नाही झाले?"

"कसे होतील? जुने झाले की ते मी खाते आणि तेवढेच नवे डब्यात भरते. देवाला शिळं द्यायचं होय?"

रिकामा डबाही तिने टोपलीवर ठेवला. मी खूश होऊन चर्चमध्ये गेले आणि पोतं उघडून सगळं त्यात ओतलं. तांदूळ उतरवून घ्यायला रेमी काकू होत्या. मंडळीचे मुख्य पंच झुआला काका, त्यांची बायको.

"आमच्या गल्लीने यंदा कमाल केली," मी म्हटलं.

"कुणी दिले एवढे?"

मी नाव सांगितलं. काकूंनी पोत्याचं तोंड बांधलं, पुन्हा सोडलं, आणि त्या काकांना बोलवायला गेल्या.

झालं होतं असं. आमच्याकडे दारूबंदी आहे. दोन वर्षांपूर्वी पोलिसांना आजीच्या चुलीमागे तांदळाच्या दारूचं मडकं सापडलं, आणि पंचांनी तिचं मंडळीतलं नाव थांबवलं. नाव थांबवलं की प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळत नाही. त्या घरचं दानही घ्यायचं नाही, असा आमच्या पंचांचा नियम. सगळ्यांसमोर उभं राहून पस्तावले म्हणेपर्यंत. निर्णय व्यासपीठावरून वाचून दाखवला होता बाबांनीच.

दुपारी बाबा शेजारच्या गावाहून परतले तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीत सगळे पंच पोत्याभोवती बसले होते. झुआला काका वाईट नाहीत. पाऊस तुंबला तर चर्चचं गटार ते स्वतः उपसतात, पण तेव्हाही त्यांच्या शर्टाचं गळ्याशी बटण लावलेलं असतं.

"परत करावे लागतील," काका म्हणाले.

"मिसळलेत ते," बाबा म्हणाले.

"निवडू."

"कसे?"

"तिचे चिकट आहेत. मी पाहिलंय. पांढरा दाणा, दुधाच्या दातासारखा."

चिकट तांदळाचे आमच्याकडे दोनच पदार्थ होतात. एक म्हणजे नाताळात केळीच्या पानात उकडलेल्या पुड्या. दुसरा आजीच्या चुलीमागे सापडला होता.

तर सुपं आली. सुपं आणायला मलाच पाठवलं, कारण चूक माझी होती. मंडळीचे सगळे पंच चष्मे लावून मांडी घालून बसले आणि एकेक पांढरा दाणा उचलून आजीच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागले. बाबाही बसले. ते निवडताना विचार करतात, त्यामुळे त्यांच्या सुपात जरा कमीच काम होत होतं. खोलीत फक्त टिक टिक आवाज. बाहेर मुलं फुटबॉल खेळत होती आणि मधूनच एकजण खिडकीतून डोकावून विचारायचा, "काय हरवलंय?"

उन्हं उतरायला लागली तेव्हा डबा काठोकाठ भरला.

"संपलं," काका म्हणाले.

"अजून आहेत," मी म्हटलं.

पोतं अर्धं बाकी होतं आणि त्यात दुधाचे दात तसेच चमकत होते. काकांनी निवडणं चालू ठेवलं. डब्याशेजारी कागदावर ढीग व्हायला लागला. ढीग वाढत गेला तसं कुणीच कुणाकडे बघेना.

"आमच्या घरचे असतील," शेवटी बियाका काका म्हणाले. "पुड्यांसाठी आणलेत."

"आमचेपण," दुसरे म्हणाले. "पुड्यांचेच."

"नाताळच्या?" बाबांनी विचारलं.

"हो."

"ऑगस्ट चाललाय."

"लवकर आणलेले बरे."

रेमी काकू चहा घेऊन आल्या. ढीग पाहून म्हणाल्या, "आपलेही आहेत त्यात."

"आपले कशाला?" झुआला काकांनी विचारलं.

"तुमच्या गुडघ्यांना रात्री काय चोळते मी? पाणी?"

काकांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"चोळायलाच करते," काकू म्हणाल्या आणि कप मांडू लागल्या.

चहा झाला. मग बाबांनी कागदावरचा ढीग उचलून परत पोत्यात ओतला. डब्याला झाकण लावून ते म्हणाले, "हा मी देऊन येतो." आणि मला म्हणाले, "तू पण चल. आणलेस तू."

वाटेत मी विचारलं, "हे बरोबर आहे का, बाबा?"

"नियम बरोबर आहे."

"मग चेहरा असा का?"

चढावर थांबून त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मंडळीला दार लागतं. दारच नसेल तर त्याला घर कशाला म्हणायचं? पण दार लावलं की बाहेर कोण राहिलंय, हे बघायला कुणीतरी जायचं असतं. ते काम पाळकाचं. निर्णय मी वाचला, आणि त्यानंतर या चढावर आज पहिल्यांदा येतोय."

"हा तिसरा मुद्दा?"

"पहिला. पुढचे दोन सुचलेले नाहीत."

आजी दारातच होती. तिने डबा ओळखला.

"मोजून आणलेत?"

"निवडून," मी म्हटलं. "एकेक दाणा."

"निवडायला बसलं कोण?"

मी सगळी नावं सांगितली.

"बियाकासुद्धा? त्याला चष्म्यातूनही दिसत नाही," आजी म्हणाली. डबा घेऊन आत गेली आणि चुलीपाशी बसली. आम्हीही बसलो. बराच वेळ ती झाकणावरून हात फिरवत राहिली. "घरात दुसरं माणूस नाही, पाळकसाहेब. भात टाकते तेव्हा मूठ काढते, तेवढंच काय ते माझं तुमच्याकडे येण्यासारखं होतं. आता हे मी करू काय? खाऊ?"

बाबांनी वेगळंच विचारलं. "अजून गाळता का, आजी?"

"गुडघे गेले. लाकडं कोण वाहणार?"

"मग या की मंडळीसमोर. तेवढंच सांगा. आणि पस्तावले म्हणा."

"थांबले म्हणेन. पस्तावले कशी म्हणू? तीन पोरं वाढवली त्याच्यावर, शाळेत घातली. पस्तावले म्हणायचं तर ते खोटं होईल, तेही चर्चमध्ये उभं राहून. तुम्ही सांगा. बोलू खोटं?"

बाबांनी चुलीत एक लाकूड सरकवलं, मग दुसरं, मग तिसरं.

"नको," मग ते म्हणाले.

"झालं तर."

"भात टाकलात?"

"टाकायचाय."

"आमचाही टाका."

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग डबा उघडला, त्यातलेच तांदूळ पातेल्यात घेतले, आणि घेतल्या घेतल्या तिचा हात आपोआप पातेल्यात गेला. एक मूठ बाहेर काढली आणि हात हवेतच राहिला. ती मूठ टाकायला जागाच नव्हती.

"सवय," ती म्हणाली.

आता इथे वक्तृत्व उपयोगी पडलं. "बाबा, मूठ कशातून काढतात? जेवणातून. हे जेवण कुणाचं? तिघांचं. म्हणजे ही मूठ आपलीही आहे. आणि आपलं नाव कुणी थांबवलेलं नाही."

"युक्तिवाद कच्चा आहे," बाबा म्हणाले.

"पण?"

"पण याहून कच्च्यावर मी उपदेश केलेत." त्यांनी रुमाल पसरला. आजीने मूठ उघडली. मग आम्ही मोहरीचा उकडलेला पाला आणि धुरावर सुकवलेलं मांस घेऊन चिकट भात खाल्ला. पोटात दगड बसल्यासारखं झालं. बाबांनी दोनदा वाढून घेतला.

रविवारी उपासनेआधी बाबांनी सगळ्यांदेखत रुमाल पोत्यावर झटकला.

"हे कुणाचे, पाळकसाहेब?" झुआला काकांनी विचारलं.

"काल मी जेवलो त्यातली मूठ."

"जेवलात कुठे?"

"दार्छुंगी आजींकडे."

पाळकाने कुठे जेवावं याबद्दल नियमांत काही नाही. झुआला काकांना सगळे नियम तोंडपाठ आहेत, म्हणूनच ते काही बोलू शकले नाहीत. उपदेशात बाबांनी एकच मुद्दा घेतला आणि मध्येच थांबून खाली बसले. लोकांना वाटलं त्यांना बरं नाही.

तेव्हापासून बाबा गावात असले की शनिवारी आम्ही आजीकडे जेवतो. आजीचं नाव अजून थांबलेलंच आहे. ती पस्तावलेली नाही आणि बाबा तिला पुन्हा विचारत नाहीत. "आठवड्याला एकच मूठ जाते माझी," एवढीच तिची तक्रार असते. "बाकीच्या दिवशी तुमच्या मंडळीत जेवत नाही का कुणी?"

मागच्या शनिवारी आम्ही चढ चढून पोचलो तर चुलीपाशी झुआला काका बसले होते. गळ्याशी बटण लावलेलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"गुडघ्याचं विचारायला आलो होतो," ते बाबांना म्हणाले. "यांचेही गेलेत ना."

"बरोबर," बाबा म्हणाले. काकांच्या पुढ्यात ताट मांडलेलं होतं.

आजीने पातेल्यात तांदूळ घेतले आणि मूठ बाहेर काढली. बाबा खिशातला रुमाल काढायला लागले.

"थांबा," काका म्हणाले. "आज मी आधी आलोय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी करून पुढे धरली.

आजीने मूठ तशीच धरून ठेवली आणि टोपीच्या आत डोकावून पाहिलं.

"धुतलीस का ही कधी?" तिने विचारलं.