वूफरच्या पोटातला ट्रॅक्टर

टप्.

दुपारी शेळगावात सगळं निपचित असतं. शेळ्यासुद्धा सावलीला डोळे मिटून बसतात. त्या शांततेत एवढासा आवाज होतो, आणि मी जागा होतो.

मित्रांनो, मी एक जुना वूफर आहे. काळ्या कापडात मढवलेला लाकडी डबा, आणि समोर ताटलीएवढा गोल पडदा. गाण्यातले शब्द मला येत नाहीत. मला येतो तो तळातला घुमारा. माझ्याजवळ स्वतःची वीज नाही. ती दूरच्या बॅटरीतून जाड वायरीनं येते. तिच्या जोडीला एक बारीक निळी वायर असते. ती नुसतं "ऊठ" म्हणते. तिनं हाक मारली, की मी उठतो.

इंदापूरच्या एका दुकानात मी जन्मलो. शेळगावच्या यशराजनं मला आपल्या ट्रॅक्टरच्या सीटमागं बसवलं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत आम्ही निघालो, की रस्त्याकडेची पोरं नाचायची. मीही फुगून गेलो होतो. माझ्या आवाजात दुसरे आवाज बुडतात, हे मला कुठं कळत होतं?

एकदा मागून टेम्पो हॉर्न देत आला, आणि यशराजला तो ऐकूच आला नाही. यशराज हातभर अंतरावरून वाचला. घरी त्याची बायको संजीवनी कमरेवर हात ठेवून उभी.

"ह्या डब्याशी लगीन लागलंय का तुमचं?"

"आगं, गाडीवर झोप येती. ह्यानं जाग ऱ्हाती."

"मग गाडी कडंला लावून झोपा. पण घरी या."

यशराजनं गुपचूप पाना घेतला आणि मला सीटमागून काढलं. मी पेंडीच्या पोत्यांमागं जाऊन पडलो. दोन वर्षं. माझ्या पडद्यावर कोळ्यानं जाळं विणलं, आणि मी स्वप्नात उसाचे रस्ते पाहत राहिलो.

यंदा यशराजनं ट्रॅक्टर लांबच्या कारखान्याला लावला. आठ-आठ दिवस घरी येईना. त्याची चार वर्षांची छकुली तान्ही असल्यापासून दारातल्या त्या ट्रॅक्टरच्या घरघरीतच झोपलेली. आता ती झोपेना. डोळे लाल, जेवण अर्धं. शेवटी यशराजनं कारखान्याच्या रांगेतून इंजिनचा आवाज मोबाइलवर पाठवला. छकुलीनं कान लावला आणि तोंड फिरवलं.

"ह्यो पप्पांचा न्हाय. ह्यो माशीचा हाय."

खरंच होतं तिचं. मोबाइलला गळा असतो, पोट नसतं.

तेव्हा संजीवनीला मी आठवलो. तिनं पदरानं माझी धूळ पुसली. यशराजच्या धाकट्या भावानं, अजितनं, जुनी बॅटरी ओट्यावर मोकळ्या हवेत ठेवली, वायर खिडकीतून आत आणली, निळ्या वायरीला एक बटण लावलं आणि यशराजनं पाठवलेला आवाज मोबाइलमधून मला जोडला. टप्. माझ्या पोटात ट्रॅक्टर घरघरू लागला. छकुलीनं तळहात माझ्या अंगावर ठेवला, गाल ठेवला, आणि झोपली. मित्रांनो, रस्त्यावरच्या पोरांचं नाचणं मी त्या क्षणी विसरलो.

पण चार दिवसांत दोनदा माझ्या वायरीवरचा फ्यूज उडाला. अजितनं चॉकलेटची चांदी काढली.

"वैनी, गुंडाळतो ही. बघा, जन्मात जायचा न्हाय आता."

"आरं, पण तो जातोय कशानं?"

"फ्यूजच हलका हाय, वैनी."

मला ठाऊक होतं, खिडकीचं दार माझी वायर रोज थोडी थोडी चावत होतं. पण मला बोलता कुठं येतं?

एका दुपारी वारा सुटला. खिडकीचं दार धाडकन आपटलं, आणि वायर पुरती चेपली. आतल्या दोन तारा एकमेकींना भिडल्या. फ्यूज असता तर जळून त्यानं वाट तोडली असती. चांदी हटली नाही. वायर तापू लागली. तिच्याखाली छकुलीची गोधडी, आणि गोधडीवर ती झोपलेली. माझ्यापर्यंत वीज येईना, आणि माझी घरघर विझली.

संजीवनी चुलीपुढं भाकरी थापत होती. खिडकी आपटल्यावर ती उठली नव्हती. घरघर थांबली, तशी ती धावली.

आधी तिनं लेकीला उचलून बाहेर नेलं. मग जाड कोरडं फडकं घेऊन बॅटरीवरची वायर ओढून काढली. गोधडीचा कोपरा काळा पडला होता. ओट्यावर बसून ती कितीतरी वेळ छकुलीचे केस हुंगत राहिली. अजितनं लगेच मिस्त्रींना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी वायरिंगची कामं करणारे वसंत मिस्त्री आले. त्यांनी भिंतीला भोक पाडून वायर रबरी नळीतून आणली, बॅटरीला लागूनच नेमक्या आकड्याचा फ्यूज बसवला आणि मागून हवा खेळावी म्हणून मला भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. मग अजितकडं वळले.

"चांदी पोरींच्या पायात शोभती रं. फ्यूज जातो तवा तो भांडत नसतो, सांगत असतो."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तोंड नसतं. आम्ही तापतो, गप होतो, नाहीतर फ्यूज उडवतो. एवढीच आमची भाषा. तेवढी ऐका. आणि आम्हाला चालू करून घर सोडून जाऊ नका.

आता छकुली झोपली, की संजीवनी न चुकता बटण बंद करते. आज तिचं बोट बटणावर गेलं, आणि छकुलीनं अर्धवट डोळे उघडले.

"आई, तू ह्यो बंद केलास, की तितं रस्त्यात पप्पांचा ट्रॅक्टर पण थांबतो का?"

संजीवनीचं बोट बटणावरच राहिलं. मी घरघरत राहिलो.