इंग्रजी माध्यमाचा दाखला

मोताळ्याच्या शाळेत उद्धवसरांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्यातलं निम्मं त्यांच्या मुलीच्याच वाट्याला आलं, असं गावातले लोक म्हणत. शाळा मराठी माध्यमाची. पण सर रोज संध्याकाळी स्वरदाला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावत. उच्चार चुकला की तोच शब्द दहादा. ती एम.ए. झाली, खामगावच्या एका शाळेत दोन वर्षं तिनं शिकवलं, आणि मग आल्हादचं स्थळ आलं. मुलगा जपानात, नागानोकडच्या बर्फाच्या डोंगरांपाशी एका हॉटेलात मॅनेजर. स्थळ सरांनीच शोधलं, सरांनीच पसंत केलं.

सुरुवातीला तिचे फोन त्या डोंगरांचेच असत. खिडकीतून मोबाइल बाहेर धरून ती दाखवायची: पांढरेशुभ्र उतार, तारेवरच्या पाळण्यांतून वर जाणारी माणसं, पायांना लांब पट्ट्या बांधून सर्रकन खाली येणारी माणसं.

"एवढ्या दुरून येतात, बाबा, नुसते घसराले!" ती हसायची.

मग ती काम शोधायला लागली. इंग्रजी शिकवायचं काम. पहिल्या शाळेनं विचारलं, मातृभाषा इंग्रजी आहे का? दुसरीनं फोटो मागवला आणि पुढं उत्तरच दिलं नाही. तिसरीत वर्ग घेऊन दाखवला, मुलं खूष झाली, पण पालकांना गोरी बाई हवी होती. दर वेळी सर खोदूनखोदून विचारत, काय प्रश्न आले, तू काय सांगितलंस. जणू परीक्षेला तेच बसले होते.

ऑक्टोबरात एका दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, मिळालं! डोंगराखालच्या गावात लहान मुलांची शाळा आहे. हारुको म्हणून म्हातारी बाई चालवते. दोन तास वर्ग पाह्यला अन् म्हणे, डिसेंबरपासून ये."

"अरे वा! पेढे आणतो आजच."

"थांबा, बाबा. मले स्वतःचा व्हिसा काढायचा आहे. त्याले बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा दाखला लागते." तिनं आवाज खाली आणला. "शालिग्रामदादाची खामगावात इंग्लिश स्कूल आहे ना? तो देईन."

सरांनी विचारलं, "खोटा दाखला?"

"मले इंग्रजी येते, बाबा. ते तर खोटं नाही."

"दाखला खोटा आहे. अन् तुले कायले पाहिजे वेगळा व्हिसा? नवऱ्याच्या व्हिसावर आहेस, त्याच्यावरच कर थोडे तास काम."

ती म्हणाली, "बरं."

त्या संध्याकाळी सरांनी शेजारच्या गुलाबरावांना सगळं सांगितलं. पोटच्या पोरीलाही नाही म्हणालो, हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढला होता. गुलाबरावांनी मान डोलावली. सरांना बरं वाटलं.

पुढं फोन कमी झाले. कामात असेल, असं सर म्हणत. डिसेंबर उजाडला. एके दिवशी सरांच्या पत्नी प्रेमलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सर पेपर वाचत होते. बाईंनी सोलणं थांबवलं.

"तुम्ही तिले विचारलं होतं ना, वेगळा व्हिसा कायले पाहिजे म्हणून?"

"मग?"

"आल्हाद मारते तिले. लग्नाच्या सहाव्या महिन्यापासून. त्याले सोडलं तर त्याच्या व्हिसावर तिले राहता येत नाही. म्हणून पाहिजे होता."

सरांनी पेपर बाजूला ठेवला. "मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही पसंत केलेला पोरगा. तिनं शपथ घातली होती मले, बाबांले सांगू नको म्हणून. आता माझ्यानं नाही राहावत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीनं सर खामगावला गेले. शालिग्राम त्यांचा जुना विद्यार्थी. दहावीत कॉपी करताना सरांनीच त्याला वर्गाबाहेर काढलं होतं. तो खुर्चीतून उठला, पाया पडला, चहा मागवला. सरांनी मान खाली घालून काम सांगितलं.

"एवढंच ना, सर? फोन करायचा होता, कायले त्रास घेतला?"

त्यानं टोमणा मारला असता तर सरांना सोपं गेलं असतं. दाखल्याचा मसुदा समोर आला तेव्हा त्यात दोन स्पेलिंगं चुकलेली दिसली. सरांनी सवयीनं खिशातला पेन काढला, चुका दुरुस्त केल्या, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन पेन तसाच हातात धरून बसले.

दाखल्याचा फोटो त्यांनी तिथूनच स्वरदाला पाठवला. उत्तर चारच्या सुमारास आलं. हारुकोबाईंनी महिनाभर वाट पाहिली होती. जागा आता एका ऑस्ट्रेलियन तरुणाला मिळाली होती. तो बर्फावर घसरायला आला होता आणि तिथंच राहिला. शिकवण्याचं शिक्षण नव्हतं, पण त्याला दाखला लागत नव्हता.

सरांनी लगेच फोन लावला. "तू घरी ये, बेटा."

"पाहते, बाबा. अजून दोन ठिकाणी अर्ज टाकले आहेत."

फेब्रुवारीत सरांच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. स्वरदाकडून नंबर घेऊन हारुकोबाई अडखळत, एकेक इंग्रजी शब्द जुळवत सांगत होत्या: तुमची मुलगी दवाखान्यात आहे, जीव वाचला आहे, तिचा नवरा पोलिसांकडे आहे. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या सरांना उत्तराला एक शब्द सुचेना. ते फक्त 'येस, येस' म्हणत राहिले.

तीन आठवड्यांनी हारुकोबाईंनीच तिला विमानात बसवून दिलं.

मलकापूर स्टेशनावर सर आणि प्रेमलाबाई गाडीच्या तासभर आधीच जाऊन उभे होते. स्वरदा उतरली. ओळखू येईना इतकी वाळली होती. आईनं तिला कवटाळलं. सरांनी बॅग घेतली आणि तिच्या डाव्या बाजूनं चालू लागले. इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी कसंबसं उच्चारलं, "पोरी, माझं चुकलं."

ती समोर बघत चालतच राहिली. दहा-बारा पावलांनी तिला सरांचे ओठ हललेले जाणवले असावेत.

"बाबा, काही म्हणलं का? इकडून बोला. त्या कानानं आता ऐकू येत नाही."

सर वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आले. ते वाक्य दुसऱ्यांदा काही त्यांच्या तोंडून निघेना.

"रिक्षा करू, का एसटीनं जाऊ?" त्यांनी विचारलं.

"एसटीनं," ती म्हणाली.