लुडविकसाठी उभे

कंपनीच्या वकिलानं टेबलावर मांडलेली आपल्या नावाची पाटी लुडविक कोबालनं उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. हॉलोवे नावाचा तो वकील नुसता हसला. त्यानं बॅगेतून तशीच दुसरी पाटी काढली आणि त्याच जागी ठेवली.

"मिस्टर कोबाल, तुमची जागा इथं, कंपनीच्या टेबलाशी."

"मी मागं बसतो, माझ्या लोकांत. इथं माझं काय काम?"

"काम तुमचंच तर आहे," हॉलोवे म्हणाला आणि त्यानं खुर्ची ओढून धरली.

चर्चच्या तळघरात आज शनिवारी सकाळपासूनच कॉफीचा आणि पोतित्साचा, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचा, वास दरवळत होता. सुनावणी सरकारी असली तरी तळघर आपलं, तेव्हा आल्यागेल्याला खायला घालणं आलंच. तेता पाव्लानं तर कंपनीच्या दोघा साहेबांपुढेही भरल्या बश्या ठेवल्या होत्या. तेता म्हणजे मावशी. पंच्याऐंशीच्या घरातल्या त्या म्हातारीला अख्खी वस्ती मावशीच म्हणे.

"गळा कापायला आलेत आपला, आणि तू त्यांना गोडधोड वाढतेस?" योझे म्लाकार करवादला.

"उपाशी माणूस सुरी जोरात चालवतो. तू गप बस, आणि ती टोपी काढ आधी."

गळ्याची गोष्ट खोटी नव्हती. क्लीव्हलँडच्या या पोलादाच्या वस्तीत स्लोव्हेनियाहून आलेल्या लोकांनी काढलेली पेढी आता विकली जाणार होती. बचत ठेवायची ती तिथं, घराला कर्ज घ्यायचं ते तिथूनच, आणि तिचा प्रमुख लुडविक. पण पेढीचे भाग ज्यांच्या नावावर होते, ती संस्थापकांची नातवंडं केव्हाच ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन राहिली होती. आजोबांच्या भाषेतला एक शब्द त्यांना येत नव्हता, भागांचा भाव मात्र चोख कळत होता. दक्षिणेकडच्या एका होल्डिंग कंपनीनं ते भाग उचलायचं ठरवलं. अशा कंपन्या स्वतः काउंटरवर बसत नाहीत, चार गावच्या चार पेढ्या मुठीत धरून लांबून हाकतात. आता वाटेत उभी होती ती एकच गोष्ट, राज्याची परवानगी.

ती द्यायची की नाही हे ठरवायला राज्याच्या राजधानीतून, कोलंबसहून, प्रेन्टिस नावाचे अधिकारी आले होते. माणूस भला होता. मघाशी कॉफी घेताना ते लुडविकला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हे बघा, कायदा मला तीनच गोष्टी बघू देतो. कंपनीकडे पैसा आहे का, तो आहे. ठेवीदारांच्या ठेवी सुरक्षित राहतील का, त्याही राहतील. तिसरी गोष्ट, कारभार ज्यांच्या हाती जाणार ती माणसं विश्वासाची आहेत का. नाही म्हणायला मला जागा आहे ती तेवढीच. तुमच्या लोकांना त्यावर बोलू द्या."

लुडविकच्या जिवात जीव आला होता. तळ्याकाठच्या एका गावात याच कंपनीनं पेढी घेतल्यावर वर्षाच्या आत हप्ते थकलेली घरं लिलावात काढली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते बोला, असं सांगत तो आठवडाभर दारोदार फिरला होता. आज तळघर भरलं होतं ते त्याच्याच शब्दावर.

पण माणसं बोलायला उठली की मनातलंच बोलतात. योझे उठला. त्याचा पोलादाचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं.

"हप्ता पुरा भरायची माझी ऐपत नाही. लुडविक म्हणाला, जमेल तेवढं आण आणि बायकोला सांग की घर कुठं जात नाही. हे लोक आले तर असं म्हणतील का?"

"तशी सवलत लेखी आहे का?" प्रेन्टिसनी विचारलं.

"लुडविकनं म्हटलंय ना! आणखी लेखी कशाला?"

प्रेन्टिसनी कपाळ चोळलं. "मिस्टर म्लाकार, मला वाईट वाटतं. पण ते मला कायद्यात कुठं बसवता येत नाही."

मग एकामागून एक तेच. एकीनं सांगितलं, माझा नवरा गेला तेव्हा लुडविक स्वतः घरी आला. दुसऱ्यानं सांगितलं, या पेढीत आमची भाषा बोलतात. तळ्याकाठच्या लिलावांचं नाव कुणी काढलं नाही. पाहुण्यांच्या तोंडावर त्यांचे वाभाडे काढायचे, तेही त्यांना पोतित्सा वाढून झाल्यावर, हे त्या लोकांच्या रक्तातच नव्हतं. लुडविक टेबलाशी बसून डोळ्यांनी खुणा करत राहिला. त्या खुणा त्यांना धीर दिल्यासारख्या वाटल्या आणि ते आणखी भरभरून त्याच्याचबद्दल बोलत सुटले.

शेवटी हॉलोवे उठला. आवाज अगदी मऊ होता.

"मला कुणाशी वाद घालायचा नाही. एकच विचारतो. मिस्टर कोबाल यांच्यावर तुमचा विश्वास आहे?"

तळघरात हसू पसरलं. हा काय प्रश्न झाला!

"त्यांच्या शब्दाला कुणी जामीन राहील?"

लुडविकनं वळून हॉलोवेकडे पाहिलं. हा प्रश्न या वस्तीत कसा विचारतात आणि त्याला कसं उत्तर देतात, हे या परक्या माणसाला माहीत असणं शक्य नव्हतं. त्याचा बाण आपोआप लागला होता.

पेढी काढणाऱ्या पहिल्या लोकांकडे ना कागद होते ना इंग्रजी. कर्ज मागणाऱ्यासाठी शेजारी संचालकांपुढे येऊन उभा राहायचा. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. ज्याच्यासाठी उभं राहिलं त्यानं मध्ये तोंड उघडायचं नाही. कौल मनासारखा लागला की पेढीचा प्रमुख म्हणायचा, बसा आता, आणि मगच बसायचं. कर्ज बुडालं तर उभा राहिलेला भरायचा. लढाईवरून परतलेल्या, बाप नसलेल्या लुडविकला पेढीत नोकरी हवी होती, तेव्हा त्याच्यासाठी उभी राहिली होती ती तेता पाव्ला.

आत्ताही पहिली तीच उठली. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि हात मोकळे सोडून सरळ उभी राहिली. मग योझे. मग त्याच्या मागची रांग, मग सगळ्याच. खुर्च्या सरकल्याचा आवाज थांबला तेव्हा तळघरात बसलेलं असं कुणी उरलं नव्हतं.

"सगळं सभागृह उभं आहे, अशी नोंद व्हावी," हॉलोवे म्हणाला. त्यानं एक कागद प्रेन्टिसपुढे सरकवला आणि आवाज टेबलापुरता खाली आणला. "परवानगी मिळाली की पेढीचा कारभार मिस्टर कोबालच पाहणार आहेत. हा त्यांच्या सहीचा करार. विश्वासाच्या माणसाचा प्रश्न यानं मिटावा."

सही लुडविकचीच होती. काउंटरवरच्या स्तान्का आणि मिमी या दोघींची नोकरी टिकेल, या एका अटीवर त्यानं ती केली होती. करार वर्षाचा होता. थकलेल्या घरांचं काय करायचं ते वरून ठरणार होतं, लुडविकनं फक्त कळवायचं होतं. हा कागद आज असा पुढे येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बिचारा लोकांना जमवायला निघाला आणि आपल्याच हातानं दोर वळून देऊन बसला.

प्रेन्टिसनी करार दोनदा वाचला. मग चष्मा काढून त्यांनी लुडविककडे पाहिलं. त्या नजरेत जवळजवळ विनवणी होती.

"मिस्टर कोबाल, हा करार तुम्ही पाळणार आहात ना? नसाल, तर आत्ता सांगा. मग मला वेगळा विचार करता येईल."

एवढंच हवं होतं. नाही म्हटलं की संपलं. लुडविकनं मान वर केली. समोर सगळे उभे होते. लुडविक कोबाल दिलेला शब्द मोडत नाही, एवढंच सांगायला उभे होते. तेता पाव्लाचे गुडघे थरथरत होते, तरी तिनं काठीकडे हात नेला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आता तो नाही म्हणाला असता, तर तिच्या उभ्या आयुष्याची जामीनकी त्यानं सरकारी माणसापुढे खोटी पाडली असती.

स्तान्काचं काय, योझेच्या घराचं काय, सगळं एकदम डोक्यात आलं आणि कशालाच वाट सापडेना.

"मिस्टर कोबाल?"

"पाळणार," लुडविक म्हणाला.

प्रेन्टिसनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते थोडा वेळ लिहीत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले की अर्ज नाकारायला आपल्याला कायद्यात कारण उरलेलं नाही. इंग्रजी सरकारी होतं, आवाज खालचा होता, मागच्या रांगांपर्यंत काही पोचलं नाही. साहेबांनी कागद आवरले. हॉलोवे जाताना लुडविकच्या खांद्यावर थोपटून गेला आणि पोतित्साचा एक तुकडा रुमालात बांधून घेऊन गेला.

दार लागलं. कुणी बसलं नाही.

"काय रे लुडविक," तेता पाव्लानं विचारलं, "गेले की नाही शेपूट घालून? वाचली ना पेढी?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आता पेढीचा प्रमुख तोच होता, कौल सांगायचा तो त्यानंच. योझेनं टोपी छातीशी धरली होती. घरी बायकोला काय सांगायचं ते त्याला इथूनच घेऊन जायचं होतं.

लुडविक उठला. टेबलाला वळसा घालून तेता पाव्लाजवळ गेला. खुर्चीला टेकवलेली काठी त्यानं तिच्या हातात दिली, तिचा दंड धरला. सांगायला त्यानं तोंड उघडलं. तिचे पाय आता चांगलेच लटपटत होते, आणि तो शब्द ऐकल्याशिवाय ती बसणार नव्हती.

"बसा आता," तो म्हणाला.

सगळे बसले. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.